पांढरी माती, करडी राख : चंद्रपूर-गडचिरोलीतील विटेचा इतिहास

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात गावाचे सर्वेक्षण हा एक ठरलेला कार्यक्रम असतो. काही वर्षांपूर्वी धानोरा तालुक्यातील एका गावात आमचे शिबिर होते आणि मराठी विभागातील आम्ही दोघे विद्यार्थ्यांच्या सोबत होतो. छापील तक्त्यात 'घराचा प्रकार : कच्चे / पक्के' असा एक रकाना होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने तो तक्ता आमच्यासमोर धरला. ती ज्या घरासमोर उभी होती त्याच्या भिंती कुडाच्या होत्या, म्हणजे बांबूच्या विणीवर दोन्ही अंगांनी माती लिंपलेल्या. खांब सागाचे, वर कवेलू, आणि ओसरी नुकतीच शेणाने सारवलेली. आपण लग्न होऊन या घरात आलो तेव्हा ते बांधून झालेलेच होते, असे आतील म्हातारी सांगत होती. "सर, आजींचं घर पन्नास वर्षं उभं आहे. याला कच्चं कसं लिहायचं?" असा त्या मुलीचा प्रश्न होता. शेजारीच पत्र्याच्या चार भिंतींचे किराणा दुकान होते, आणि तिला मिळालेल्या सूचनेप्रमाणे ते 'पक्के' होते. आम्ही सूचनापत्र पुन्हा वाचले आणि म्हातारीच्या घरापुढे 'कच्चे' अशी खूण करायला सांगितले. दिलेले उत्तर नियमाला धरून होते, पण आम्हांला स्वतःलाच ते पटले नव्हते.

ही सूचना त्या तक्त्यापुरती नाही. भारतीय जनगणनेच्या वर्गीकरणात भाजलेली वीट, दगड आणि काँक्रीट यांच्या बरोबरीने लोखंडी पत्रा व अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या भिंतीही 'कायम' समजल्या जातात. माती, न भाजलेली वीट, बांबू आणि गवत यांच्या भिंती 'तात्पुरत्या' ठरतात. शब्दांचे अर्थ शिकवणे हाच आमचा व्यवसाय असल्याने 'कच्चा' आणि 'पक्का' या विशेषणांकडे आम्ही तेव्हापासून जरा संशयाने पाहू लागलो. पुढे 'स्वस्त' या शब्दाविषयीही तोच संशय आला. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत दगड, चुना, कोळसा, बांबू, साग, मुरूम आणि अलीकडच्या चार दशकांत राख, असे घराला लागणारे बहुतेक सारे आहे. तरीही येथील जंगलातल्या माणसाला घर बांधणे महाग पडते. या लेखात आम्ही या विसंगतीचा माग विटेच्या आधाराने काढणार आहोत. आमचे म्हणणे असे, की स्वस्तपणा हा मातीचा किंवा राखेचा गुण नाही. ती वस्तू कोणाला न विचारता घेता येते, ती किती अंतरावर आहे आणि हात कोणाचे लागतात, या तीन गोष्टींतून तो घडतो.

आरंभ पांढरीपासून करणे योग्य. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, ही जोडी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांना परिचित आहे. जमीन पांढरी होते ती तिथे माणसे राहिल्याने. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात, चुलीची राख, शेण आणि चुना त्यांत मिसळत जातो आणि कालांतराने भुसभुशीत, फिकट रंगाचा थर तयार होतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून तिची भिंत टिकत नाही. पांढरी तशी वागत नाही. त्यामुळे नवे घर बांधणाऱ्याने जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून माती आणावी, हा महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र रिवाज होता. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना या रिवाजाचा राग येतो, आणि तो रास्त आहे, कारण कित्येक प्राचीन टेकाडे अशीच घराघरांत वाटली गेली. पण आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते. पूर्वजांच्या पडलेल्या भिंतीच पुन्हा भिंती होत होत्या आणि त्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नव्हते.

आमच्या प्रदेशात मातीचे चित्र पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलत जाते. वरोरा-भद्रावतीकडे कापसाची काळी जमीन आहे. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी ओलांडून वैनगंगेकडे गेले की धानाची पिवळसर, रेताड जमीन लागते. मोरांड, खरडी, बरडी ही जमिनींची नावे येथील शेतकरी अजून वापरतो, आणि कोणत्या बांधीची माती भिंतीला चालते हेही त्याला ठाऊक असते. या धानपट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले गेले. उन्हाळ्यात त्यांचा तळ उघडा पडला की गाळ काढायचा. काही शेतात टाकायचा, काही कुंभाराकडे द्यायचा. कुंभार त्यात धानाचे तूस मिसळी. ओली वीट वाळताना तडकू नये म्हणून तूस, आणि भट्टीत आतून जळून विटेला भाजायला मदत व्हावी म्हणूनही तूसच. जुन्या विटांत धान्याच्या तुसाचे ठसे सापडतात ते याचमुळे.

येथे वीट ही परकी वस्तू नाही, हे सांगणे आवश्यक आहे. कारण मातीचे घर आदिवासींचे आणि विटेचे घर शहराचे, अशी एक सोपी वाटणी आपल्या मनात असते. वैनगंगेच्याच काठी, वरच्या अंगाला, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात विटांचा स्तूप मिळाला. रामटेकजवळच्या मनसर येथे वाकाटककालीन विटांचे भव्य बांधकाम उजेडात आले. 'वीट' हा आपला शब्दही संस्कृत 'इष्टका'पासून प्राकृताच्या वाटेने आलेला. यज्ञवेदी रचण्याच्या इष्टकांपासून ते पंढरीच्या देवाच्या पायाखालच्या विटेपर्यंत त्याने केलेला प्रवास वर्गात सांगताना आम्हांला नेहमीच आनंद होतो. (कंटाळ्याचा 'वीट' निराळा; दोन्हींची गल्लत विद्यार्थी करतातच.) मात्र भाजलेली वीट राजाश्रयाची आणि देवस्थानाची राहिली. चांद्याच्या गोंड राजांनी तर किल्ल्याचा परकोट दगडाचा केला. खांडक्या बल्लाळशहाने आरंभलेली ती तटबंदी जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या दरवाजांसह आजही शहराला वेढून आहे. सामान्यांच्या घरात वीट आली ती फार उशिरा.

आता अधिकाराकडे वळू. विदर्भाबाहेरील वाचकांना 'निस्तार' हा शब्द कदाचित अपरिचित असेल. मध्य प्रांतात गावकऱ्यांनी आपल्या घरगुती आणि शेतीच्या गरजेसाठी जंगलातून लाकूडफाटा, बांबू, गवत आणि पडीतून माती-मुरूम घेण्याच्या वहिवाटीला निस्तार म्हणत. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली आणि मालगुजाराच्या ताब्यातील पडीत व जंगल शासनाकडे गेले. तरी ही वहिवाट कागदावरून पुसली गेली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत खास विदर्भासाठी निस्तारपत्रकाची कलमे आहेत. प्रत्येक गावाचे असे पत्रक असावे आणि त्यात रहिवाशाला लाकूड, सरपण यांबरोबर मुरूम, कंकर, वाळू, माती आणि दगड कोणत्या अटींवर मिळतील ते नोंदवलेले असावे, असे ही कलमे सांगतात. आम्हांला हे वाचून नवल वाटले. घराच्या साहित्यावरचा गरिबाचा हक्क इतक्या साध्या, जवळजवळ स्वयंपाकघरातील यादीसारख्या शब्दांत मांडणारे सरकारी लिखाण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

व्यवहारात मात्र यादी आक्रसत गेली. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी राखीव जंगल आखले आणि त्यात वहिवाट ही हक्काऐवजी सवलत झाली. साग तर पहिल्यापासूनच सरकारचा. (मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान वाजतगाजत निघाले तेव्हा आम्हीही रस्त्याच्या कडेला उभे होतो. आमच्या मनात त्या वेळी शिबिरातील घराचे खांब आले, हे कबूल करायला हवे.) बांबूची गोष्ट याहून बोलकी आहे. १९४५ मध्ये बल्लारपूरला कागद कारखान्याची स्थापना झाली आणि या जंगलांतील बांबू दीर्घ करारांनी तिकडे जाऊ लागला. कूड विणणाऱ्याला बांबू मिळणे त्याच काळात अवघड होत गेले. कूड ही दर काही वर्षांनी डागडुजी मागणारी भिंत आहे; पाच-सहा बांबू वेळेवर मिळाले नाहीत की वाळवी लागते आणि भिंत बसते. मग ती 'कच्ची' होती असे म्हणायला आपण मोकळे. भिंतीचा कच्चेपणा पुष्कळदा साहित्य मिळण्याच्या कच्चेपणातून आलेला असतो.

हे पारडे फिरण्याचा एक क्षण धानोरा तालुक्यातच येऊन गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत निस्तार हा शब्द नावानिशी घातला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती येण्यास २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले. तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेला ते परवानापुस्तक मिळाले. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक लेखनाचा रोख बांबूच्या उत्पन्नावर आहे. घराच्या बाजूने मात्र तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

राखेची कथा याच काळात, पण दुसऱ्या टोकाला घडली. चंद्रपूरच्या दुर्गापूर येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण शेकडा तीस ते पंचेचाळीस इतके मोठे असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की निदान तीस टन राख उरते. त्यातील सुमारे चार पंचमांश राख धुराबरोबर वर जाणारी, अतिशय बारीक अशी. तीच फ्लाय अ‍ॅश. ती यंत्राने धरून ठेवली जाते, पाण्यात कालवून तलावांत सोडली जाते, आणि उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला की वारा तिला गावांवर आणतो. २००९ मध्ये देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी झाली तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ होता. अशा शहरात राखेची वीट निघाली तर तिचे स्वागत व्हावे हे स्वाभाविकच.

ही वीट भट्टीत भाजत नाहीत. राख, चुना आणि जिप्सम, किंवा राख, दगडाची भुकटी आणि थोडे सिमेंट, असे मिश्रण कमी पाण्यात कालवून यंत्राखाली दाबतात. एक-दोन दिवसांनी घट्ट झाली की दोन ते तीन आठवडे तिच्यावर पाणी मारत राहतात. राख, चुना व जिप्सम यांचे मिश्रण सिद्ध करण्याचे काम विशाखापट्टणमच्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी केले. राखेतील सिलिका चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू बांधली जाते, हे त्यामागील तत्त्व. रोमन लोकांनी पोत्सुओलीजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून हेच केले होते. त्यासाठी इटलीला जाण्याचीही गरज नाही. आपल्या वाड्यांच्या भिंतींतील चुना घाणीत मळताना त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी घालत. सुरखी तेच काम करते जे राख करते. फुटक्या विटेची पूड चुन्याला दगडासारखी करते हे जुन्या गवंड्याला ठाऊक होते, कारण मात्र त्याला सांगता आले नसते. वणीजवळच्या राजूरला चुनाभट्ट्या आहेत, राख दुर्गापूरला आहे. कागदावर पाहता याहून स्थानिक आणि याहून स्वस्त वीट सुचणे कठीण.

सरकारनेही तिला पाठबळ दिले. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटेत वजनाने निदान शेकडा २५ राख मिसळणे बंधनकारक केले. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झाले, २०१६ मध्ये ३००. त्याच वर्षी महाराष्ट्राने राखेच्या वापराचे स्वतःचे धोरण मंजूर केले. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वापराविना राहिलेल्या राखेवर टनामागे १००० रुपयांचा भरणा विद्युत केंद्रांवर लावला. या क्रमात एक गोष्ट लक्षात येते. वर्तुळ मोठे होत गेले ते राखेची विल्हेवाट लागावी म्हणून. आरंभीच्या प्रेरणांत शेतातील सुपीक माती वाचवण्याची प्रेरणा निश्चितच होती, आणि ती मोलाची आहे. हजार विटांमागे तीन टन माती जाते, आणि ती धानाच्या बांधीतूनच जाते. पण घर कोणाला हवे आहे आणि कुठे, हा प्रश्न या अधिसूचनांच्या केंद्रस्थानी कधी नव्हता.

आता अंतराचा हिशेब करून पाहू. ग्रामीण घरकुल योजनेने २०१६ मध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवले आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यासाठी १ लाख ३० हजार रुपये. एवढ्या घराच्या नऊ इंची भिंतींना, आमच्या ढोबळ हिशेबाने, सात-आठ हजार विटा लागतील. एका विटेचे वजन तीन किलो धरले तर एकवीस ते चोवीस टन. चंद्रपूर शहराच्या आसपास हे वजन ट्रॅक्टरच्या काही खेपांत पोहोचते. भामरागड तेथून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्या गावाचा रस्ताच बंद होतो. राख फुकट असली तरी ट्रकचे डिझेल फुकट नसते. म्हणून दुर्गापूरला 'स्थानिक' असलेली वीट भामरागडला परगावची असते. तिथे स्थानिक आहेत ते माती आणि बांबू, ज्यांना तक्त्यात 'कच्चे' म्हटले आहे. शिवाय कुडाची भिंत घरातील बायका लिंपतात, शेजारी हात लावतात. राखेच्या विटेला गवंडी लागतो, सिमेंट लागते, वाळू लागते, आणि मजुरी रोख द्यावी लागते.

राखेच्या विटेला आम्ही नावे ठेवतो आहोत असे कोणी समजू नये. आमच्या महाविद्यालयाची कुंपणभिंत याच विटेची आहे. ती बांधणाऱ्याने विटांना पुरते पाणी मारले नव्हते. दोन पावसाळ्यांत तिचे कोपरे बोटाने कुरतडता येऊ लागले आणि गिलाव्याचे पापुद्रे निघाले. दोष विटेच्या जातीचा नव्हता, घाईचा होता. नीट केलेली वीट मातीच्या विटेहून आकाराने रेखीव आणि पाणी कमी शोषणारी असते. शहरासाठी ती चांगली आहे, आणि आमच्या शहराने राख श्वासात घेण्यापेक्षा भिंतीत घालावी हे कोणालाही मान्य होईल.

दूरच्या गावासाठी तिसरी वाट विदर्भातच शोधली गेली होती. १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींसाठी मीराबेनने उभारलेली कुटी आसपासच्या माती, बांबू आणि लाकडातूनच झाली. ही निष्ठा पुढे विज्ञानाच्या भाषेत नेण्याचे काम देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये वर्ध्याला स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने केले. मातीच्या भिंती आणि कुंभाराने चाकावर केलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमान, असे घर त्यांनी सिद्ध केले. एकात एक अडकवलेल्या त्या कवेलूंच्या छताला ना सागाची तुळई लागे ना लोखंड. सुमारे त्याच काळात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'अस्त्र' या गटाने मातीत शेकडा पाच-सात सिमेंट मिसळून हातयंत्राखाली दाबलेल्या ठोकळ्याचा अभ्यास केला. असे हातयंत्र प्रथम १९५० च्या दशकात कोलंबियात तयार झाले. दोन माणसे ते बैलगाडीतून गावोगाव नेऊ शकतात. मुरूम आणि रेताड मातीच्या पट्ट्याला हा ठोकळा मानवणारा आहे, काळ्या जमिनीला नाही. येथे वीट प्रवास करत नाही, यंत्र करते. भामरागडच्या हिशेबात हा फरक फार मोठा आहे.

मग ही वाट रुळली का नाही? घरकुल योजनेत स्थानिक साहित्याला मनाई आहे असे नाही. ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' (प्रकृती, हुनर, लोकविद्या) या नावाने निरनिराळ्या प्रदेशांना साजेशा घरांचे आराखडेही प्रसिद्ध केले आहेत. पण घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात आणि टप्पा पुरा झाल्याचे छायाचित्र लागते. छायाचित्रात वीट चटकन ओळखू येते. मातीचा ठोकळा ओळखायला मातीची जाण असलेला अभियंता हवा. लाभार्थ्याचीही चूक म्हणता येत नाही; ज्याच्या आजोबांच्या घराला तीन पिढ्या 'कच्चे' म्हटले गेले त्याला आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या पैशातून पुन्हा मातीच घालावीशी कशी वाटावी? मातीचे कौतुक करणारे आम्ही स्वतः स्लॅबच्या घरात राहतो, हेही लपवण्यात अर्थ नाही.

मागील हिवाळ्यात आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. म्हातारी आता नाही. तिच्या घरासमोर तिच्या नातवाने घरकुल बांधले आहे, राखेच्या विटांचे, बाहेरून गिलावा न केलेले. वाहतुकीत पैसे संपले, असे तो म्हणाला. कुडाचे घर पाडलेले नाही. उन्हाळ्यात दुपारी सगळे तिथेच निजतात, धान तिथेच ठेवतात, आणि देवही अजून तिथेच आहेत. एका अंगाची भिंत त्याच्या बायकोने दिवाळीच्या आधी नव्याने लिंपली होती. बांबू ग्रामसभेच्या जंगलातून आणले होते, आणि माती, तिने हात करून दाखवले, त्या पलीकडच्या जुन्या गावठाणातून.